एका मगाचा नियम

लोक घरगाडी घेतात ती लेह-लडाखला जायला. आम्ही घेतली ती नाशिकहून चांदवडला जायला. दीड तासाच्या रस्त्यासाठी जुनी मिनीबस घेऊन तिच्यात ओटा, पलंग आणि संडास बसवला, हे ऐकून यांचे मित्र अजून हसतात. हसू देत. त्यांच्या घरात माझी आई राहत नाही.

आई ब्याऐंशीची. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, चांदवडला असते. चार वर्षांत दोघींची भेट नव्हती. रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर एकमेकींचं कपाळ तेवढं बघायच्या. ये म्हटलं की आई म्हणायची गुडघे दुखतात, आणि मावशी म्हणायची कांदे काढायला आलेत. मावशीचे कांदे बाराही महिने काढायला आलेले असत. आईचं खरं कारण मला माहीत होतं. तिला तासाभराने जावं लागतं, आणि हायवेवरच्या संडासांना ती यमापेक्षा जास्त घाबरते.

गाडीखाली दोन टाक्या. एकीत ओट्याचं आणि अंघोळीचं सांडपाणी, दुसरीत संडासाचं. भरत आल्या की घरामागच्या ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत जाड पाइप लावायचा आणि व्हॉल्व्ह ओढायचा. आधी संडासाची टाकी सोडायची, मग दुसरी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. गाडी बांधून देणाऱ्या वर्कशॉपवाल्याने हे सगळं यांना तासभर समजावलं. मी लक्ष दिलं नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला टाकी कशी रिकामी करायची हे काय ऐकायचं?

शिवाय मी मनमाडची. माझ्या लहानपणी नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायचं, आणि त्या दिवशी शाळा बुडवली तरी कोणी रागवायचं नाही. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायला मला आईनेच शिकवलं. तेव्हा गाडीत मी पहिल्याच दिवशी नियम केला: संडासात एकच मग पाणी. लाल स्केचपेनने लिहून दारावर पाटीच लावली.

हे म्हणाले, "अगं, तो तर भरपूर पाणी टाका म्हणत होता."

"त्याचं काय जातंय?" मी म्हटलं. आईने मान डोलावली. तिने तर अर्ध्या मगातच भागवलं.

रंगीत तालीम म्हणून आधी पेठच्या बाजूला दोनदा जाऊन आलो. घाटात आई गाडीतल्या संडासातून बाहेर आली आणि म्हणाली, "लय भारी काम केलंय हे." त्याच दिवशी तिने मावशीला कळवून टाकलं, रविवारी येते.

शनिवारी सकाळी यांनी व्हॉल्व्ह ओढला. काहीच आलं नाही. पुन्हा ओढला. पाइपमधून एक उसासा तेवढा आला. मग यांनी हातमोजे चढवले, नाकाला रुमाल बांधला आणि गाडीखाली सरपटत गेले. नेमकी तेव्हाच आई मागच्या दारात आली.

तिला यांचे फक्त दोन पाय दिसले. अधिक महिन्यात जावयाला चांदीच्या ताटात अनारसे वाढताना हेच पाय तिने स्वतः धुतले होते.

"जावयाला माझी घाण काढाया लावू?" ती म्हणाली. "मला नाय जायचं. तिला फोन लाव. गुडघे दुखतात म्हणून सांग." आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

मी वर्कशॉपवाल्याला फोन लावला, पदर खोचूनच. त्याने एकच विचारलं, "मॅडम, पाणी किती टाकता?"

"एक मग," मी अभिमानाने सांगितलं.

मग त्याने मला सावकाश समजावलं. "मॅडम, ते पाण्याबरोबरच वाहतं ना. पाणीच नाही दिलं, तर बसलं खाली थापून. आता पंधरा बादल्या ओता आणि गाडी खड्ड्यांतून फिरवून आणा."

पंधरा बादल्या! माझ्याच हातांनी ओतल्या. प्रत्येक बादलीला मनमाडचा एकेक नातेवाईक डोळ्यांसमोर येऊन कळवळत होता. मग आम्ही गाडी काढली. नाशिकच्या खड्ड्यांना आजवर दिलेल्या सगळ्या शिव्या मी त्या तासाभरात परत घेतल्या. हे सवयीने खड्डा चुकवायला लागले की मी ओरडायचे, "अहो, तो राहिला!"

परत येऊन व्हॉल्व्ह ओढला. नुसत्या आवाजाने शेजारच्या खिडक्या पटापट बंद झाल्या. टाकी सुटली होती.

अवघड काम पुढेच होतं. चूक कबूल करायचा मला अजिबात सराव नाही. आईच्या दाराबाहेर उभी राहून मी म्हटलं, "आई, तुझ्यामुळे नाही तुंबली. माझ्या पाटीमुळे तुंबली."

आतून आवाज आला. "तू लहानपणापासूनच चिकट. मी सांगत नव्हते?"

तांदळाच्या पाण्यात भांडी विसळायला लावणारी बाई मला हे ऐकवत होती! मी निमूट ऐकून घेतलं, कारण दार उघडलं तेव्हा ती पिशवी भरत होती.

रविवारी चांदवडला मावशी फाटकातच उभी होती. दोघी गळ्यात पडून रडल्या आणि कपाळाखालचा चेहरा एकदाचा नीट बघितला. चहाचं नावही न काढता मावशी सरळ गाडीत चढली. "कुठं हाय गं ते?" म्हणत तिने संडासाचं दार उघडलं, आत गेली आणि कडी लावली. बाहेर आली ती डोळे पुसतच.

"आक्का, मला बी तेच व्हतं गं," ती म्हणाली. "कांदे कसले न् काय! शेत तर कवाच वाट्यानं दिलंय."

चार वर्षं दोघी एकाच कारणासाठी एकमेकींना थापा मारत होत्या. मला हसूही आलं आणि रडूही. आईने मावशीचा हात धरला.

"थांबा, घराला कुलूप लावून येते," मावशी म्हणाली. "मला बी न्या कुठंतरी." पायरीवर ती थबकली आणि हळूच माझ्याकडे वळली. "पाणी जरा जास्त वतलं का गं मी? आक्का सांगत व्हती, तुझी पाटी हाय म्हणून."

"पाटी काढली, मावशी," मी म्हटलं. "तू अजून एक बादली ओत."