करडीच्या तेलानं जाम झालेलं मशीन

मंडळी, आज माझ्या हातून लय वाईट झालं. कुणाला तरी सांगायलाच पाहिजे.

तंबू आन् खोगीर शिवायचं माझं जाड मशीन चार दिवसांपासून जाम होतं. सुईचा दांडा खालीवर व्हईना. आमच्या झरी गावात कुणालाच उमजंना, म्हणून सकाळी परभणीच्या कापसाच्या जिनिंगातल्या मिस्त्रीला बैलगाडीत बसवून आणलं.

त्यानं दांड्यावरचा पिवळा थर नखानं खरवडला. "तेल कौनसा डाले?"

जर्मनची लढाई सुरू झाल्यापासून मशीनचं तेल मिळंना. म्हणून माझी बायको गिरिजा घरचं करडीचं तेल घालायची. आमच्या भाजीला फोडणी न्हाई, पण मशीनला रोज तेल. मशीन जड चालाय लागलं तसं तिनं दुप्पट घातलं.

"ये तेल सुकको गोंद हो जाता," मिस्त्री म्हणाला; म्हंजी वाळून डिंकच. "निखारे लगाके गरम करते. धीरे धीरे छूटेगा. सबर करो."

तो निखारे आणायला चुलीकडं गेला. माझ्याच्यानं तेवढा दम धरवला न्हाई. हातोडा उचलला आन् हाणला. मशीनचं बिडाचं मुंडकंच तडकलं. असं मुंडकं आता हैदराबादेतबी मिळत न्हाई.

गिरिजा विहिरीवरून आली. घागर खाली ठेवून बघतच राहिली.

"अवो, माझंच तेल कमी पडलं का?"

हातोड्याचं दडवून मी व्हय म्हणलं.

ती आत गेली आन् डब्यात उरलेलं सगळं तेल वाटीत आणून मशीनपाशी ठेवलं.

मंडळी, ती वाटी आजून तिथंच हाय. कोणत्या तोंडानं उचलू?