सावल्या चोरणारी मुलगी

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये उद्धवरावांनी तीस वर्षं पार्ट तपासले. केसाएवढा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. रिटायर झाल्यावर त्यांनी मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली आणि दर रविवारी सकाळी, दिघीतल्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून, ते तिचं एकेक प्रकरण मुलांना वाचून दाखवू लागले.

कादंबरीतल्या गावात लोकांच्या सावल्या चोरीला जात होत्या. ओढ्यापलीकडे एक मुलगी राहायची. तिच्या घरचं पाणी गावात कुणी पीत नसे. तिला चटईसारखी सावली गुंडाळता यायची. चोर कोण, ते शेवटी कळणार होतं. सोसायटीचे जिने पुसणाऱ्या कस्तुराबाईंची नात पिंकी ऐकायला सगळ्यात पुढे बसायची.

शेवटच्या प्रकरणात चोर ती मुलगीच निघाली. पोरं ओरडली. पिंकी मात्र खुशीत म्हणाली, "आजोबा, मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं!"

"कसं गं?"

"तुम्हीच सांगितलं ना, तिच्या घरचं पाणी कुणी पीत नाही. मग तीच असणार की!"

घरी येऊन उद्धवरावांनी वही पहिल्या पानापासून वाचली. सावली गुंडाळता येते, एवढं सोडलं तर त्या मुलीविरुद्ध एकही पुरावा त्यांनी लिहिला नव्हता. तशी गरजच पडली नव्हती.

आठवडाभर कस्तुराबाई जिन्यात दिसल्या की ते लिफ्टकडे वळत. बायकोने विचारलं, तर गुडघे दुखतात म्हणाले. शेवट मात्र त्यांनी नव्याने लिहिला. सावल्या कुणी चोरल्याच नव्हत्या. आपापल्या माणसांची लाज वाटून त्या स्वतःच ओढा ओलांडून गेल्या होत्या आणि त्या मुलीने त्या जपून ठेवल्या होत्या.

रविवारी ते मुलांना म्हणाले, "मागचा शेवट चुकला होता. चूक माझी."

नवा शेवट ऐकून पिंकीने विचारलं, "मग गावानं तिची माफी मागितली का?"

ते लिहायचं राहिलंच होतं. उद्धवराव वही मिटून उठले आणि जिन्यापाशी गेले.

"कस्तुराबाई, माझ्या गोष्टीत…"

"ठाव हाय मला. पिंकीनं त्याच दिशी इचारलं, 'आजी, आपण ओढ्याच्या कुठल्या बाजूचे?'"

"काय सांगितलंत?"

"काय सांगणार, काका? तुमी तर आठ दिस लिफ्टनं जात हुता."

त्यांची मान खाली गेली. "चुकलं माझं. माफ करा."

कस्तुराबाईंनी फडकं पिळलं. "सरका जरा, फरशी ओली हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

दिवाळीत कादंबरी छापून आली. पहिली प्रत उद्धवरावांनी पिंकीला दिली. तिने जिन्यातच बसून शेवटचं पान आजीला वाचून दाखवलं. गाव ओढा ओलांडून जातं, माफी मागतं, आणि गोष्ट तिथेच थांबते. मुलीचं उत्तर त्यात नाही. ते आपण लिहू नये, असं उद्धवरावांना वाटलं होतं.