भिंतीपलीकडे शिवलेली पिशवी

गरिबीवर बोलायला चंदीगडला जायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी मी नवा कोट शिवायला टाकला. चाळीसगावजवळच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. 'विद्यापीठ आणि भोवतालची गरिबी' या परिषदेसाठी माझा निबंध निवडला गेला होता. वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "कॉलेजच्या मागची वस्ती कधी पाहिली नाहीत, आणि गरिबी बघायला पार चंदीगडला?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्या बेचाळीस स्लाइड पूर्ण व्हायच्या होत्या.

चाळीसगावहून दिल्ली, तिथून चंदीगडची सकाळची गाडी, साडेतीन तासांचा प्रवास. जाणाऱ्यांनी मुक्काम सेक्टर बावीसमध्ये करावा. बसस्टँड जवळ, खोली चौदाशेत मिळते, आणि खाली उतरलं की आलूपराठा, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. फेब्रुवारीत स्वेटर पुरतो. मी मात्र सासूबाईंनी दिलेली माकडटोपी घालून फिरत होतो, आणि शहरभर कोवळं ऊन पडलेलं होतं. रस्ते इतके सरळ आणि चौक इतके सारखे, की एकाच गोल चौकाला मी तीन फेऱ्या मारल्या. शेवटी एका सरदारजींनी रिक्षा थांबवून विचारलं, "भाईसाहब, कुछ ढूँढ रहे हो या सैर चल रही है?" सैरच चालू आहे असं सांगितलं, आणि ते निघून गेल्यावर फोनमध्ये नकाशा उघडला.

पहिल्या दिवशी परिषदेत आम्हाला एकेक कापडी पिशवी मिळाली. जाड खादी, निळे बंद, वर परिषदेचं नाव. पिशवी दिसली की माझ्यातला मास्तर जागा होतो. माझ्या निबंधाच्या कुणी न घेतलेल्या चाळीस प्रती तिच्यात होत्याच. चहाच्या वेळी मी तीत बिस्किटांचे सहा पुडे आणि सरबताचे चार डबेही कोंबले. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यातच बंद तुटला आणि गरिबीवरच्या चर्चेला आलेल्या विद्वानांसमोर माझी बिस्किटं घरंगळत गेली.

ती गोळा करायला एक मुलगी धावली. प्राजक्ता, मूळची लातूरची, परिषद भरली होती त्या विद्यापीठातच संशोधन करते आणि परिषदेत स्वयंसेवक होती. मराठी ऐकून मला इतका आनंद झाला, की मी पिशवी फेकून नवी मागून घेऊ का, असं तिलाच विचारलं.

"कशाला फेकायलात सर? भिंतीच्या पलीकडं शिवून मिळंल की. पाच मिनिटांवरच आहे."

विद्यापीठाच्या मागच्या छोट्या फाटकातून बाहेर पडलं की लगेच कॉलनी लागते. आपल्याकडे कॉलनी म्हटलं की बंगले डोळ्यांसमोर येतात. इथं ती विटांच्या एकेका खोलीची वस्ती असते, खोलीपुढे नळ आणि दोरीवर कपडे. एका दारात कमलेश नावाची बाई मशीनवर बसली होती. तिनं पिशवी उलटी केली, कोपऱ्यातला टाका अंगठ्यानं चाचपला आणि हसली.

"ये तो मेरा ही हाथ है जी. कोने में दोहरी सिलाई मैं ही डालती हूँ. ठेकेदार बोलता है धागा बर्बाद मत कर, बंद पे तो डालने ही नहीं दी. वहीं से टूटा."

म्हणजे भिंतीअलीकडे आम्ही दोन दिवस हिच्याबद्दल बोलत होतो, तिनं शिवलेल्या पिशव्या खांद्याला लावून. आणि पिशवी इथून तिथवरचं पाच मिनिटांचं अंतर शहरातल्या ठेकेदाराकडून वळसा घेऊन कापत होती. मधल्या मधे त्याचं पोट भरत होतं.

कमलेश आणि तिच्या चार मैत्रिणींनी मिळून पुढच्या वर्षीच्या पिशव्यांसाठी विद्यापीठाकडे थेट अर्ज करायचं ठरवलं होतं. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. प्राजक्तानं सगळा फॉर्म भरून दिला होता, फक्त अट क्रमांक चारपाशी घोडं अडलं होतं: शैक्षणिक संस्थेला माल पुरवल्याचा तीन वर्षांचा अनुभव.

"सर जी," कमलेश म्हणाली, "पहली बार कोई देगा नहीं, तो तीन साल कहाँ से लाएँ?"

बावीस वर्षांच्या नोकरीत इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी चहाला होकार दिला आणि फॉर्म हातात घेतला.  ही अट मला तोंडपाठ होती. आमच्या कॉलेजच्या खरेदी समितीचा मी सचिव, आणि 'भुरट्यांना चाप बसावा' म्हणून ती मीच घातली होती. मला लाज वाटली, आणि ती नव्या कोटाच्या आत मावेना.

तिसऱ्या दिवशी माझी पाळी आली. बेचाळीस स्लाइड बंदच ठेवल्या आणि दुरुस्त केलेली पिशवी टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. पुढच्या रांगेत विद्यापीठाच्या खरेदी विभागाचे अधिकारी होते. ते जरा चिडूनच म्हणाले, "ये शर्त तो सब जगह होती है जी." त्या सब जगहमध्ये माझंही कॉलेज येतं, हे मी माईकवर कबूल केलं. सभागृह हसलं. मग अधिकारीही हसले आणि म्हणाले, अर्ज नमुन्यासह घेतो, पुढचं समिती ठरवेल. प्राजक्ता मागच्या दारानं कमलेशकडे पळाली. मुदत संपायला दीड तास होता.

संध्याकाळी सुखना तलाव पाहिला. तो पाहावाच, आणि पायीच फिरावा. ग्लासभर लस्सी मात्र आधी पिऊ नये. मी प्यायलो आणि अर्ध्या वाटेवरच्या बाकावर झोपलो.

घरी परतून पंधरा दिवस झाले तेव्हा प्राजक्ताचा फोन आला. "सर, पन्नास पिशव्या! ट्रायल म्हणून दिल्यात, पण थेट. कमलेशदीदी म्हणायलीय, बंदालाही दोहरी सिलाई घालणार."

त्याच आठवड्यात आमच्या समितीत मी अट क्रमांक चार काढून टाकली आणि स्वतःवर भलताच खूश होऊन, पिशवी खांद्याला लावून, कॉलेजच्या मागच्या फाटकाकडे निघालो. वॉचमन धावत आला, "सर, रस्ता चुकले का?"

वस्तीतल्या तिसऱ्या घरात शिलाई मशीन दिसलं. सरलाताई नावाच्या बाई ब्लाउजला हूक लावत होत्या. मी पिशवी पुढे केली आणि परोपकारी आवाजात विचारलं, "ताई, अशा शिवाल का आमच्या कॉलेजसाठी?"

त्यांनी पिशवी उलटून कोपऱ्यातला टाका पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"शिवते ना सर. मागच्या सालीच अर्ज टाकेल होता मी. अनुभव नाही म्हणून परत आला." त्यांनी मशीनच्या खणातून घडी घातलेला कागद काढला. "ही सही तुमचीच ना?"

सही माझीच होती.