काळ्या फरशीवर काळं पिल्लू

हे मी कालपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आईलासुद्धा नाही — आणि आई तर तेव्हा घरातच होती.

तुम्ही मला ओळखता ते पत्रकांमुळं. "काठी लपवू नका. दिसत नाही हे सांगायला लाजू नका." ही वाक्यं माझी. मला नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं, पायाशी काय आहे ते दिसत नाही. तुम्हाला मात्र मी "जरा कमी दिसतं" एवढंच सांगत आले. आणि माझी काठी? ती घडी घालून झोळीत, पत्रकांच्या खाली.

परवा आमच्या संघटनेनं सांगितलं, सुमन, कमी दिसणाऱ्यांनी कुठल्या जातीचं कुत्रं पाळावं यावर एक पत्रक लिही. तुझ्याकडं काजळ कुत्री आहे, तुला कळतं. बसले लिहायला. पहिली ओळच येईना.

कारण काजळ मी कशी निवडली ते मला माहीत आहे.

ओळखीचे जनावरांचे डॉक्टर लॅब्रडॉरचं पिल्लू देत होते. फिकट रंगाचं, शांत, थोराड. मी नको म्हणाले. टीव्हीवर आंधळ्या माणसासोबत तसंच कुत्रं दाखवतात ना — ते घेऊन मी गल्लीतून जायचं? लोक काय म्हणतील? (माझी जुनी पत्रकं काढून बघा. "लोक काय म्हणतील" म्हणणाऱ्यांची मी त्यात सालटी काढली आहेत.) मला पाहिजे होतं कारवान जातीचं. शिकारी, रुबाबदार. कुणाला संशय येणार नाही असं.

पन्हाळ्याच्या वाटेवर एक जण ही कुत्री पाळायचा. आई आणि मी गेलतो.

"पावणं, राखणीला न्हेताय व्हय?" तो म्हणाला. "मग भुंकणारं बघा की. ही जात लई गप. पायात येऊन निजती, कळतबी न्हाय. आन् हाडं बारीक."

दोन पिल्लं होती, एक काळं, एक बदामी. आई म्हणाली, "बदामी घे. आपली फरशी काळी. काळं तुला दिसायचं न्हाय."

परक्या माणसासमोर बोलली. मला इतका राग आला — "मला समदं दिसतंय," म्हटलं, आणि काळं उचललं.

आईनं घरी येऊन काजळच्या गळ्यात घुंगरू बांधला. आमच्याकडं संघटनेची बैठक असली की मी तो सोडायची. घुंगरू का, असं कुणी विचारलं तर?

अशाच एका बैठकीच्या सकाळी पत्रकांचा गठ्ठा उचलून मी दाराकडं निघाले. उंबऱ्यापाशी पायाखाली काहीतरी मऊ आलं. मग कट्कन आवाज. मग काजळचं केकाटणं.

तेवढ्यात दारावरून बापू गवळ्यांच्या म्हशी चालल्या होत्या. लोक धावत आले. आणि मी — अजून कुणी काही विचारलंही नव्हतं — मी म्हणाले, म्हशीनं तुडवलं.

आई मागं उभी होती. तिनं फरशीवर काढून ठेवलेला घुंगरू उचलला आणि आत गेली. 

मी एवढ्यावर थांबले का? नाही. मला जे येतं ते मी केलं. "गल्लीतली जनावरं आवरा" म्हणून पत्रक काढलं, घरोघर वाटलं. तेव्हा दारापाशी होती म्हणून बापूंची चंद्री म्हैस मारकी ठरली. बापू स्वतः काजळसाठी दूध घेऊन आले. "चुकलं, पोरी. चंद्री तशी न्हाय, पण जनावर हाय." तिचा मोडलेला पाय जुळेपर्यंत रोज आणलं. मी रोज भांडं पुढं केलं.

काजळ वाचली, पण लंगडते. चंद्रीला बापू मागच्या बोळातून न्यायला लागले. दिवाळीच्या पाडव्याला सगळ्या गवळ्यांच्या म्हशी शिंगं रंगवून, कवड्यांच्या माळा घालून मिरवतात, मालकाच्या फटफटीच्या मागं पळतात. चंद्री तेव्हापासून एकाही पाडव्याला निघाली नाही. मारकी म्हैस माणसात कशी न्यायची?

फिकट रंग, शांत स्वभाव, गुडघ्याला लागेल एवढी उंची, गळ्यात घुंगरू. आणि जात बघायच्या आधी आपली फरशी बघा. पत्रकात लिहायचं ते एवढंच आहे. पण खाली माझं नाव घालून ते छापायचं, तर आधी बापूंकडं जायला हवं होतं. काल संध्याकाळी गेले. झोळीतली काठी काढली, उघडली, आणि भर गल्लीतून टेकत गेले.

सगळं सांगितलं. बापू शेण ओढायचे थांबले.

"म्हंजे चंद्री न्हवती?"

"न्हवती."

बापूंनी फावडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "एवढी वरसं मीबी तिला मारकी म्हणत आलो की गं." आणि थोड्या वेळानं, "मला काय सांगतीस? तिला सांग जा. आत हाय."

मी गोठ्यात शिरले. आत सगळं काळं. खोटं बोलणं मला किती सोपं होतं सांगू? आवाजाच्या अंदाजानं दोन पावलं टाकायची, बस्स.

"बापू," मी म्हणाले, "मला दिसत न्हाय. कुठं हाय ती?"

त्यांनी माझा हात धरला आणि चंद्रीच्या कपाळावर ठेवला. ऊबदार. तिनं एक मोठा श्वास माझ्या मनगटावर सोडला. मी तिला सांगितलं.

बापू पुन्हा शेणाकडं वळले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. निघताना मागून म्हणाले, "पाडव्याला काढतो हिला. शिंगं कंच्या रंगानं रंगवू? तुला दिसंल असा सांग."

"पिवळा," मी म्हणाले.