कापलेलं बोट आणि बिस्किटांचे पुडे

आमच्या पॅकहाउसमध्ये कुणाला काही लागलं, तर ते मला येऊन सांगायचं असा नियम आहे. येडगावच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मधोमध हे पॅकहाउस आहे. हंगामात बायका लांबलचक टेबलांपाशी उभ्या राहतात, बारीक कात्रीने घडातले खराब मणी काढतात आणि घड डब्यांत भरतात. कात्री आली की बोट आलंच. ज्याला लागलं त्याला मी तीन प्रश्न विचारते. कसं लागलं, कधी लागलं, तेव्हा जवळ कोण होतं. उत्तरं लिहून घेते आणि जखमेवर निळी पट्टी लावते. पट्टी निळी अशासाठी, की ती सुटून मालात पडली तर चटकन दिसावी.

माणसं सांगत नाहीत. रोज कापलं-खरचटलं असणार, पण माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नसे. पगार कापतील म्हणून भीत असतील, असं साहेबांना वाटलं. त्यांनी फळ्यावर लावलं, की लागलं तर त्या दिवशी भरपगारी सुट्टी आणि कंपनीच्या गाडीतून घरी पोच. त्यानंतर जी दोन-चार माणसं येऊन सांगत होती, तीही यायची बंद झाली. साहेब पुण्याचे, ते चक्रावले. मी निरगुडसरची, मला कारण ठाऊक होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता शहाणपण सांगायची मला सवय नाही.

रोगापेक्षा इलाज भयंकर झाला होता. भरदुपारी कंपनीची गाडी गल्लीत शिरली आणि तिच्यातून हाताला पट्टी बांधलेली बाई उतरली, की दिवेलागणीच्या आत गाव बघायला येतं. आमच्याकडे कुणाला लागलं-खुपलं तर जावंच लागतं, मग बोलणं असो नाहीतर अबोला. बिस्किटांचा पुडा न्यायचा, कसं झालं ते विचारायचं पण उत्तर ऐकायचं नाही, आपल्या पाहुण्यांत कुणाचं याहून वाईट झालं होतं ते सांगायचं, चहा घ्यायचा आणि उठायचं. कोण आलं नाही, हे त्या घराच्या वर्षानुवर्षं लक्षात राहतं. आणि बोट बाईचं असेल, तर आलेल्या सगळ्यांचा चहाही तिनेच करायचा. भरपगारी सुट्टी ती अशी.

एका बाईने मात्र चहाच्या धास्तीने लपवलं नव्हतं. तिशीची असेल. हात इतका हलका, की तिने भरलेल्या डब्याकडे मी तपासायच्या नजरेने कधी बघतच नसे. त्या दिवशी ती घड उजव्या हाताने धरून डाव्या हाताने कात्री चालवत होती. जवळ गेले तर पातळ हातमोज्याच्या आत उजव्या हाताची तर्जनी पिवळीधमक दिसली. हळद भरून वर चिंधी बांधली होती. मी तिला बाजूला नेलं आणि चिंधी सोडायला लावली. जखम आदल्या दिवशीची होती, उघडी कात्री उचलताना झालेली, आणि बोट सुजलं होतं.

"ताई, लिव्हायचं तर लिव्हा, पर गाडी नका पाठवू," ती म्हणाली. "आज झाडायला जाते, क्रेट धुते. पर गाडी नगं."

मी म्हटलं, "अगं, चार माणसं येतील, चहा पितील, जातील."

"माणसांचं न्हाई वो. सासूबाईंनी पयल्याच दिवशी सांगितलंय, हात धड हायेत तवर जायचं. लागलं की त्या दिवसापास्नं काम बंद. आमच्या घरातली बाई आजपतुर लोकाच्या कामाला गेली न्हाई." मग म्हणाली, "घरी समद्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवते, ताई. हितं समद्यांबरूबर डबा उघडते."

हे तिने रडून सांगितलं नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या माणसांशी मला ठाम वागता येतं. पण बोट सुजलेलं होतं, आणि सुजलेल्या बोटापुढे माझा नाइलाज होता. मी तिला नारायणगावच्या दवाखान्यात नेलं, इंजेक्शन द्यायला लावलं, निळी पट्टी बांधली आणि गाडी बोलावली. गाडीत बसताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीही पुडा घेऊन तिच्या गावाला गेले. न जाऊन चाललं नसतं. कारण बोट कापल्याचं लिहून घेणारी बाई बघायला आली नाही, हा आमच्या भागात कापण्याहून मोठा गुन्हा.

ओसरीवर खुर्च्या भरल्या होत्या. पराचा कावळा एव्हाना चांगला उडाला होता. वेशीपाशी बातमी पोचली ती बोट तुटल्याची. एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. बोट जागेवर आहे हे पाहून त्यांचा चेहरा जरा उतरला.

"मशीनवर कशाला पाठवावं म्हन्ते मी सुनंला?" एकीने विचारलं.

"मशीन नाही हो, कात्री होती," मी म्हटलं.

"त्येच त्ये," ती म्हणाली.

आत सून डाव्या हाताने चहा गाळत होती. उजवा हात तिने अंगाशी धरला होता. कोपऱ्यात बिस्किटांच्या पुड्यांची चळत लागली होती. मला राग आला. साहेबांचा, त्या चळतीचा, आणि थोडा माझाही.

सासूबाई जात्याच कमी बोलणाऱ्या असाव्यात. येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच वाक्य ऐकवत होत्या, "झालं आता, बंद तिचं काम." त्या वाक्याला माना डोलत होत्या. मला चहा द्यायला त्या स्वतः उठल्या. कपबशी पुढे आली तेव्हा मला दिसलं, की त्यांची तर्जनी पेरापासून नाहीच. जुनी जखम, गुळगुळीत झालेली.

माझ्या तोंडून सवयीने गेलं, "कसं लागलं?"

त्यांना वाटलं मी सुनेचं विचारते आहे. मी त्यांच्या बोटाकडे हात केला.

"ह्ये व्हय? कुट्टीत. कडबा कापाया बसले व्हते."

"कधी?"

"हिचा नवरा पोटात व्हता. सहावा म्हैना."

"तेव्हा जवळ कोण होतं?"

त्यांनी जरा विचार केला. ओसरीवरची माणसं आता ऐकू लागली होती. "कुनीच न्हाई. फडकं गुंडाळलं आन ऱ्हायलेली कुट्टी केली. बैलं उपाशी व्हती."

"मग बघायला कोण कोण आलं?"

"बघाया?" त्या हसल्यासारखं करून म्हणाल्या, "घरच्या कामात लागलं तर कोन येतंय? सांगायचं तरी कुनाला? तुमी ह्ये असं समद्यांना इचारता?"

"हो. कामावर लागलेल्या सगळ्यांना."

"आन पट्टी?"

"मीच लावते."

मी चहा संपवला. उठताना लक्षात आलं, की पुडा अजून माझ्या पिशवीतच आहे. मी तो काढून त्यांच्या हातात दिला.

"सूनबाई, ह्यो ठेव गं आत," त्या म्हणाल्या.

"तिच्यासाठी नाही," मी म्हटलं. "तुमच्यासाठी आहे. तुमचं बोट बघायला उशीर झाला."

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं, आणि बोलल्यावर मलाच कसंतरी झालं. ओसरीवर कुणी हसलं नाही. सासूबाई खाली बसल्या. पुडा मांडीवर ठेवून त्यावरून त्यांनी ते अर्धं बोट फिरवलं. मी चपला घालत होते तेव्हा आतून सून पुडा न्यायला बाहेर आली. त्यांनी तो दिला नाही.

"बोट भरलं की जा कामाला," त्या तिला म्हणाल्या. "तितं इचारत्यात तरी."