डॉक्टर इंगवल्यांचे शनिवार

माणसं निवृत्त झाली की किस्से वाढतात. शिकागोजवळ शॉमबर्गला जोगळेकरच्या घरी आम्ही जुने चार-पाच जण जमतो, तेव्हा रणजित इंगवलेच्या फुटबॉलचा विषय निघतोच. दर वेळी त्याने पाडलेल्या माणसांची संख्या थोडी वाढलेली असते. मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला कशाचीच पूर्ण खात्री वाटत नाही. निदान तिघांना सारखं आठवतं, तेवढंच इथे लिहितो. तेही बरोबर असेलच असं नाही.

ऐंशीच्या दशकात इलिनॉयमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या गावात आम्ही सात-आठ मराठी कुटुंबं होतो. त्यातले डॉक्टर इंगवले हाडांचे सर्जन, मूळ कोल्हापूरचे. त्यांचा मुलगा रणजित युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये आला, तोही डिफेन्समध्ये. समोरच्यांपैकी जो चेंडू घेऊन पळेल, त्याला धरून आडवा करायचं हे त्याचं काम. "कबड्डीच आहे, फक्त कपडे जास्त," असं जोगळेकरने आम्हाला समजावलं. तेवढ्या ज्ञानावर आम्ही चार वर्षं फॅन होतो.

डॉक्टर मात्र मॅचला येत नसत. पोराचा बाप एकदा तरी येईल का, हा आमच्यातला कायमचा प्रश्न होता.

*

तिथली पद्धत अशी, की आपला डिफेन्स खेळत असताना प्रेक्षकांनी बोंबलायचं, म्हणजे समोरच्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही. आपल्या टीमकडे चेंडू असला की गप्प बसायचं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. रणजित मैदानात आला की आम्ही परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखे चिडीचूप, पोराचं लक्ष विचलित व्हायला नको. तो बाहेर जाऊन बसला की आमचे डबे उघडायचे, गप्पा सुरू, तीन रांगा पलीकडे हाका.

पुढे बसलेले एक अमेरिकन आजोबा शेवटी वळून म्हणाले, "तुम्ही नक्की कुठल्या टीमचे?"

जोगळेकर म्हणाला, "टीमचे नाही. आम्ही एका मुलाचे."

*

एकदा समोरच्या टीममधल्या एकाने उडी मारून एका हाताने अप्रतिम कॅच घेतला. आम्ही क्रिकेटवर वाढलेली माणसं. चांगल्याला चांगलं म्हणावं, म्हणून उभं राहून टाळ्या वाजवल्या. सगळं स्टेडियम सुतकी चेहऱ्याने बसलेलं आणि आमची एक रांग उभी. त्या कॅचने आपण मॅच हरलो, हे खाली बसल्यावर कळलं.

रात्री रणजित आमच्याकडे जेवायला होता. "काका, व्हाय वुड यू क्लॅप?" त्याने विचारलं. मी चाचरत सांगितलं, की कॅच चांगला होता.

त्याने जरा विचार केला. "इट वॉज," म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

*

रणजितची आई, सुमनवहिनी, प्रत्येक मॅचला यायच्या, पण बघायच्या नाहीत. खेळ सुरू झाला की डोळे मिटायच्या. धडकेचा आवाज आला की शेजारच्याला विचारायच्या, "उठला का?" उठला म्हटलं की डोळे उघडायच्या.

एका शनिवारी शेजारी मी होतो. माणसांच्या त्या ढिगाऱ्यातून कोण उठलं आणि कोण राहिलं, हे मला कधीच नीट दिसलं नाही. वहिनींनी विचारलं तेव्हा मी प्रामाणिकपणे म्हणालो, "बहुतेक उठला."

वहिनींनी डोळे न उघडताच विचारलं, "भावजी, बहुतेक म्हणजे काय?"

पुढच्या मॅचला माझी जागा रांगेच्या दुसऱ्या टोकाला होती.

*

दुसऱ्या वर्षी टीमच्या कोचने घरी फोन केला, मुलाचं वजन वाढवा म्हणून. वहिनींना वाटलं, हा आपल्या स्वयंपाकाला नावं ठेवतोय. त्यांनी फोन डॉक्टरांकडे दिला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "वजन वाढवतो. पण गुडघे तेच राहणार. त्यांना कोण सांगणार?"

कोचने पुन्हा फोन केला नाही.

*

शनिवारची इमर्जन्सी ड्यूटी डॉक्टर मागून घ्यायचे. हॉस्पिटलातले बाकीचे सर्जन त्यांच्यावर फार खूश. डॉक्टरांमुळे त्या सगळ्यांना डॉक्टरांच्या मुलाची प्रत्येक मॅच बघायला मिळे.

गणपतीच्या जेवणाला जोगळेकरने त्यांना सरळच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर फाटलेले गुडघे शिवतो. शनिवारी ते फाटताना बघायला येऊ?"

डॉक्टर स्वतः उजव्या पायाने किंचित लंगडत. त्या दिवशी रणजितने कारण विचारलं, बहुधा पहिल्यांदाच. "तालमीत गेला," ते म्हणाले. "तुझ्याएवढा होतो. पुन्हा मातीत उतरलो नाही." मग मोदकांकडे वळले.

*

शेवटच्या वर्षी घरच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचला एक रीत असते. बाहेर पडणारी मुलं एकेक करून, दोन बाजूंना आई-वडील घेऊन, मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातात. आम्ही वरून बघत होतो. मैदानाच्या कडेला रणजित हेल्मेट काखेत धरून उभा, एका बाजूला वहिनी, दुसरी बाजू मोकळी. नावं पुकारायला सुरुवात झाली होती.

डॉक्टर धावत आले, म्हणजे त्यांना जमेल तसे. हॉस्पिटलच्या हिरव्या कपड्यांवर नुसता ओव्हरकोट. त्यांचा एक सहकारी आपलं मॅचचं तिकीट खिशात ठेवून हॉस्पिटलात गेला होता आणि म्हणाला होता, आज मी थांबतो, तू जा.

रणजितचं नाव पुकारलं गेलं. तिघं निघाले. हिरवळ जिथे सुरू होते तिथे डॉक्टर थांबले. नोव्हेंबरची थंडी. त्यांनी वाकून बूट काढले, मोजे काढले, कडेला नीट ठेवले. मग उजवा हात जमिनीला लावून कपाळाला लावला. 

तिथे हिरवळ कसली, सगळं कृत्रिम गवत होतं. हाताला काही लागलं नसणार. पुढचं बोलणं वहिनींनी नंतर सांगितलेलं.

रणजित हळूच म्हणाला, "डॅड, इट्स प्लास्टिक."

"ठाऊक हाय मला," डॉक्टर म्हणाले. "तू चल सरळ."