मॉनिटरवरचा लाल टॅग

मी मूळची ताकही फुंकून पिणारी. एक अक्षर टाइप करून एंटर मारला की अख्खं काम आपोआप होतं, हे मला कधी सरळ वाटलंच नाही. भिलाईच्या नेहरू नगरातल्या आमच्या छोट्या कंप्युटर ऑफिसात एकाच मशीनवर सकाळी काका बसायचे, दुपारी मी. काका नात्यातले नव्हेत; पोलाद कारखान्यातल्या मिलमधून रिटायर झालेले, सेक्टर दहात मुलाच्या क्वार्टरमधून स्कूटरवर यायचे. त्यांना बॅच फायलींचा, म्हणजे एका अक्षरावर हुकमांची रांग चालवणाऱ्या फायलींचा, भारी नाद. ‘पी’ दाबलं की रिपोर्ट छापून निघायचा, ‘एम’ दाबलं की मेनू. मालक खूश! मला मात्र वाटायचं, कुठंतरी पाणी मुरतंय.

त्यात एक दिवस त्यांनी मॉनिटरला मिलमधला लाल पुठ्ठ्याचा टॅग अडकवला, खाली आपली सही. कारखान्यात कोणी मशीन उघडून काम करत असलं की स्विचवर असा टॅग लागतो, म्हणजे दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. पाळी बदलली तर पुढच्यानं खाली सही करून तो आपल्या अंगावर घ्यायचा. भिलाईत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“कायचं काम चालू हाय काका इथं?” मी विचारलं.

“हाय थोडंसं. तू तुयं पाय, पोरी.”

झालं! माझी खात्रीच पटली की हा माणूस माझा प्रोग्राम उचलणार. मी एका गिऱ्हाइकाच्या स्टोअरचा प्रोग्राम लिहीत होते. तो चालला तर नोकरी पक्की, नाही तर आमच्या पद्मनाभपुरातल्या घरी बसायचं. आणि घरी बसायचं म्हणजे नागपूरकडून येणारी स्थळं पाहायची. बाबा रेल्वेतले, त्यांनी मला हा प्रोग्राम होईपर्यंतचीच मुदत दिली होती. म्हणून रोज निघताना मी सगळं फ्लॉपीवर घ्यायचे आणि मशीनवरून पुसून टाकायचे. पुसताना डिस्क जरा जास्तच वेळ कुरकुरायची, तेही मला खटकायचं. फ्लॉपी पर्समध्ये, डब्याशेजारी.

गिऱ्हाईक येणार म्हणून त्या दिवशी मीही सकाळीच गेले, तर मशीन फ्लॉपी वाचेना. काढली, पुसली, फुंकली, परत घातली. ड्राइव्ह नुसता खरखरला. मालक गिऱ्हाइकाशी हिंदीत हवापाण्याचं बोलू लागले. मी फ्लॉपी पुन्हा काढून पुन्हा घातली.

काकांनी मागून हात घालून ‘के’ टाइप केलं, एंटर मारला. पडद्यावर कचरा नावाची एक डिरेक्टरी उघडली, आणि तिच्यात माझ्या फायली. सगळ्या. आदल्या संध्याकाळच्यासुद्धा.

प्रोग्राम चालला, गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं. मग मी भडकले. “म्हणजे माया फायली तुमी जमा करून राहिले होते?”

काकांनी मशीन सुरू होताना चालणारी फाइल उघडून त्यातली एक ओळ दाखवली. मी पुसण्याचा हुकूम दिला की आधी फाइलची एक प्रत कचऱ्यात जायची, मगच ती पुसली जायची. त्याच ओळीसाठी तो टॅग होता.

“रोज एवढं काम पुसून राहिली होती तू. तुले मायावर भरवसा नवता, अन् मले तुया फ्लॉपीवर.”

“मंग मले सांगितलं कावून नाही?”

“सांगितलं असतं तं तू ते बी पुसलं असतं.”

मला लाज नाही वाटली, रागच आला. दुसऱ्याच्या फायली न विचारता ठेवणं मला आजही पटत नाही. पण नोकरी पक्की झाली, आणि ती ओळ मी काढली नाही. टॅग माझा नव्हता.

पुढे काका भिलाई सोडून मुलीकडे वर्ध्याला निघाले. शेवटच्या दिवशी त्यांनी टॅग काढून माझ्यापुढे धरला. “कर सही.”

मी पुठ्ठा उलटून दोन्ही बाजू वाचल्या. मग ती फाइल उघडून वरपासून खालपर्यंत ओळ न ओळ तपासली. काका हेल्मेट हातात घेऊन उभेच.

“पाय, नीट पाय,” ते म्हणाले. “म्हणूनच तं तुले देऊन राहिलो.”

मी सही केली.